खिशातला कॅमेरा: चार अटी आणि एक नळी

परवडेल असा, खिशात मावेल असा, पडल्याझडल्यावरही चालेल असा आणि फोनपेक्षा चांगले फोटो काढेल असा कॅमेरा कोणता? मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा कुठल्याही शहरातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक येतं ते या चार अटी घेऊनच. उत्तर आधीच सांगून टाकतो: चारही अटी पुऱ्या करणारा नवा कॅमेरा आज बाजारात नाही. तीन पुऱ्या करणारे आहेत, आणि दोनच पुऱ्या करून चारांचे पैसे घेणारेही आहेत. म्हणून कुठलं मॉडेल घ्यायचं याआधी कुठली अट सोडायची, हे ठरवावं लागतं. या अटी एकमेकींशी का भांडतात आणि त्यातून वाट कशी काढायची, याचा हा आढावा. 'परवडणारा' म्हणजे इथे साधारण वीस ते पन्नास हजार रुपयांतला, नवा किंवा सेकंडहँड, असं धरलं आहे.

बाजार आटला कसा

जपानी कॅमेरा कंपन्यांची 'सिपा' ही संघटना दरवर्षी विक्रीसाठी बाहेर पडलेल्या कॅमेऱ्यांचे आकडे जाहीर करते. २०१० साली हा आकडा १२ कोटींच्या वर होता आणि त्यातले जवळजवळ ११ कोटी कॅमेरे लेन्स न बदलता येणारे, म्हणजे बहुतांशी खिशातले होते. २०२३ साली या छोट्या कॅमेऱ्यांची संख्या १७ लाखांच्या आसपास उरली. फोनने हा धंदा खाल्ला, आणि खाताना सुरुवात स्वस्त मालापासून केली. कॅननच्या इक्सस मालिकेत २०१७ नंतर नवं मॉडेल आलं नाही. निकॉन, सोनी, फुजीफिल्म, पॅनासॉनिक यांनीही दहा-पंधरा हजारांतले कॉम्पॅक्ट हळूहळू गुंडाळले.

मग साधारण २०२२ पासून वारं फिरलं. फोनच्या घोटीव, गुळगुळीत फोटोंना कंटाळलेली तरुण पोरं जुन्या कॅमेऱ्यांच्या मागे लागली. आईबाबांच्या कपाटातले कॅमेरे बाहेर निघाले, समाजमाध्यमांवर गाजले आणि सेकंडहँड बाजारात त्यांचे भाव चढले. फुजीफिल्मचा २०२० सालचा एक्स१००व्ही दुकानांतून गायब झाला. त्याच्या जागी फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या एक्स१००व्हीआयची किंमत अमेरिकेत १,५९९ डॉलर होती, तरी त्यासाठी प्रतीक्षायाद्या लागल्या. कॅननने तर २०१६ सालचा एक साधा कॅमेरा, जो आपल्याकडे इक्सस २८५ एचएस म्हणून ओळखला जातो, २०२५ मध्ये किरकोळ बदल करून पुन्हा विकायला काढला. सेन्सर तोच, लेन्स तीच, फक्त मोठ्या एसडी कार्डाऐवजी मायक्रो एसडी. अमेरिकेत २०१६ साली त्याची किंमत सुमारे २१० डॉलर होती, नव्याने आला तेव्हा सुमारे ३८० डॉलर.

या घडामोडींतून गिऱ्हाइकाने एक गोष्ट गाठीला बांधावी. आज कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची किंमत त्याच्या दर्जावरून ठरत नाही, मागणीवरून ठरते. महाग आहे म्हणजे चांगला असेल, हा हिशेब या बाजारात चालत नाही. आत काय आहे ते पाहावं लागतं.

फोटोचा दर्जा कुठून येतो

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात मेगापिक्सेल छापलेले असतात आणि दर्जाशी सगळ्यात कमी संबंध त्यांचाच असतो. ए-फोर आकाराची छपाई अगदी मासिकाच्या प्रतीची हवी, तरी पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा भरायला सव्वाआठ लागतात. आज बारा मेगापिक्सेलच्या खाली नवा कॅमेरा क्वचितच मिळतो. म्हणजे हा प्रश्न सुटून बरीच वर्षं झाली, तरी जाहिरातीतून तो हलत नाही.

दर्जा ठरतो सेन्सरच्या क्षेत्रफळावर. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये '१/२.३ इंची' सेन्सर असतो. हा अपूर्णांक म्हणजे प्रत्यक्ष माप नव्हे. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या व्यासावरून आलेली ही पद्धत आहे. खरं माप आहे ६.२ मिमी बाय ४.६ मिमी, म्हणजे साधारण २८ चौरस मिलिमीटर. 'एक इंची' म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिमी, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर, चौपटीहून थोडा जास्तच. रिको जीआर किंवा फुजी एक्स१०० यांतला एपीएस-सी सेन्सर सुमारे ३६७ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे तेरापट. क्षेत्रफळ जेवढं मोठं तेवढा प्रकाश जास्त जमा होतो. संध्याकाळी, घरात, मांडवात फोटो किती दाणेदार येईल आणि चेहऱ्याचे रंग किती टिकतील, हे त्यावर ठरतं.

इथे फोनशी तुलना टाळता येत नाही. मधल्या किमतीच्या फोनमधलाही मुख्य सेन्सर आता १/२.३ इंची सेन्सरपेक्षा मोठा असतो, आणि महागड्या फोनमध्ये तो दुपटीहून मोठा असतो. शिवाय फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो आणि अंधारातलं अपयश झाकतो. छोट्या कॅमेऱ्याचा प्रोसेसर हे काम क्वचितच करतो. त्यामुळे स्वस्त कॉम्पॅक्टचा फोटो चांगल्या फोनपेक्षा सरस येईल, ही आशा उजेडातही डळमळीत आणि अंधारात तर फोलच.

मग अशा कॅमेऱ्यात खरोखर सरस काय? दोन गोष्टी. एक म्हणजे ऑप्टिकल झूम. दुसरी म्हणजे झेनॉन फ्लॅश. फोनचा एलईडी दिवा टॉर्चसारखा जळत राहतो. झेनॉन नळी आपला सगळा प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात ओतते. वरातीत नाचणारी माणसं, दांडिया खेळणारे हात, गोविंदांच्या अंगावरून उडणारं पाणी हे सगळं त्या लखलखाटात जागच्या जागी गोठतं. जुन्या कॅमेऱ्यांच्या ज्या 'लूक'ची एवढी चर्चा होते, त्यातला मोठा वाटा या थेट फ्लॅशचा आहे. जुन्या सीसीडी सेन्सरचे रंगच वेगळे, असंही म्हटलं जातं. पण रंग मुख्यतः सेन्सरवरच्या रंगीत जाळीवर आणि कंपनीने त्या काळी केलेल्या प्रक्रियेवर ठरतात. सीसीडी या अक्षरांसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

झूमच्या आकड्यालाही मात्र मर्यादा आहे, आणि ती भौतिकशास्त्राने घातलेली आहे. इक्सस २८५ चा बारापट झूम पूर्ण ताणला की त्याची लेन्स एफ/७ वर येते. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे एक ठिपकासुद्धा सेन्सरवर सुमारे साडेनऊ मायक्रॉन रुंदीच्या चकतीएवढा पडतो. त्या सेन्सरवरचा एक पिक्सेल सव्वा मायक्रॉनचासुद्धा नाही. म्हणजे एकच ठिपका सात-आठ पिक्सेल रुंद जागा व्यापतो. त्या टोकाला वीस मेगापिक्सेलचा कॅमेरा प्रत्यक्षात त्याच्या थोड्या अंशाएवढाच तपशील देतो. म्हणून झूम किती पट, हे विचारण्याआधी झूमच्या शेवटी एफ-आकडा किती, हे विचारावं. तो जितका लहान तितकं छिद्र मोठं, म्हणून तितकं बरं.

टिकाऊपणा कुठे संपतो

कॉम्पॅक्ट कॅमेरा सुरू केला की पुढून लेन्स बाहेर येते. जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलसारख्या एकात एक बसलेल्या दोन-तीन नळ्या असतात. नळ्यांच्या आतल्या बाजूला तिरप्या खाचा असतात, त्या खाचांत बारीक खुंट्या फिरतात आणि नळी गोल फिरत पुढे सरकते. फिरवणारी मोटर नखाएवढी, तिचे दाते बहुधा प्लास्टिकचे, आणि आतल्या भागांना वीज पोचवणारी पट्टी कागदाइतकी पातळ. ही सगळी यंत्रणा आयुष्यभर हजारो वेळा पुढे-मागे होते. खाचेत वाळूचा एक कण अडकला, खिशात असताना बटण दाबलं जाऊन नळी कापडाला अडली किंवा नळी बाहेर असताना कॅमेरा हातातून निसटला, की पडद्यावर 'लेन्स एरर' झळकतो. मग दुरुस्तीवाला एकेक दाता बदलत बसत नाही. नळ्यांचा पूर्ण जोड बदलावा लागतो आणि त्याचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. बहुतेक कॉम्पॅक्ट असेच मरतात. सेन्सर शाबूत, पडदा शाबूत, नळी मात्र तिरकी.

मग ही नळी ठेवतात कशाला? कारण सेन्सर मोठा केला की लेन्सही मोठी लागते आणि ती सेन्सरपासून लांब ठेवावी लागते. झूमही हवा आणि वापर संपल्यावर कॅमेरा खिशातही जायला हवा, तर लेन्स मिटवून आत ओढण्यावाचून मार्ग राहत नाही. म्हणजे ज्या नळीमुळे फोटो चांगला येतो, तीच कॅमेऱ्याची सगळ्यात कमकुवत जागा आहे. टिकाऊपणा आणि फोटोचा दर्जा यांचं भांडण आहे ते या नळीत.

यावर एक तोडगा निघाला तो दुमडलेल्या लेन्सचा. पुढच्या काचेमागे लोलक बसवून प्रकाश काटकोनात वळवायचा आणि झूमची भिंगं बॉडीच्या आतच वर-खाली हलवायची. बाहेर काही येत नाही, म्हणून कॅमेरा सीलबंद करता येतो. पण बॉडीच्या जाडीत मावायचं तर सेन्सर लहानच ठेवावा लागतो. झूम असलेले वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट जवळपास सगळे १/२.३ इंची सेन्सरवर अडकले आहेत ते यामुळे. सोनीने आरएक्स० या काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या कॅमेऱ्यात एक इंची सेन्सर बसवून तो वॉटरप्रूफ करून दाखवला खरा, पण त्यासाठी झूम सोडून दिला.

नळीखालोखाल मोडतं ते बॅटरीचं झाकण. त्याची प्लास्टिकची कडी तुटली की कॅमेरा रबरबँडवर चालवावा लागतो. त्यानंतर नंबर बटणांचा आणि गोल चकतीचा. वर उचलला जाणारा फ्लॅश, बाहेर निघणारा व्ह्यूफाइंडर, उलटणारा पडदा या सोयी चांगल्याच आहेत, पण प्रत्येक हलता भाग ही मोडण्याची एक जास्तीची जागा असते, हे लक्षात ठेवून त्या घ्याव्यात.

बाजारातले गट

पहिला गट कणखर कॅमेऱ्यांचा. त्यात आज ठळक नाव एकच, ओएम सिस्टिम टीजी-७. ही ऑलिम्पसचीच परंपरा आहे. ऑलिम्पसचा कॅमेरा विभाग २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्स या स्वतंत्र कंपनीकडे गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी हा कॅमेरा आणला. पाण्याखाली १५ मीटर, २.१ मीटरवरून पडणं, १०० किलोंचा दाब आणि उणे १० अंशांची थंडी सोसण्याचा कंपनीचा दावा आहे. सेन्सर छोटाच, पण कंपनीने मेगापिक्सेल १२ वरच रोखले, रुंद बाजूला लेन्स एफ/२ ठेवली आणि रॉ फाइलची, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फोटोची, सोय दिली. अगदी एका सेंटिमीटरवरून फोकस होणारा मायक्रोस्कोप मोड हे त्याचं खरं वैशिष्ट्य. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या डबक्यांतले जीव किंवा आंबोलीच्या पावसातले बेडूक आणि कीटक टिपायला खिशात मावणारं दुसरं साधन सहज सापडणार नाही. कोडॅक पिक्सप्रो डब्ल्यूपीझेड२ आणि पेंटॅक्सची डब्ल्यूजी मालिका हे याच जातीचे पर्याय. त्यातला कोडॅक स्वस्त आहे, पण त्यात रॉ फाइल मिळत नाही. या गटात सोडायची अट म्हणजे अंधारातला फोटो.

कणखरपणाच्या दाव्याखालची बारीक अक्षरंही वाचावीत. पडण्याच्या चाचण्या बहुधा प्लायवूडच्या फळीवर होतात, आणि सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे प्लायवूड नव्हे. पाणी अडवतं ते झाकणाभोवतीचं रबरी सील. त्यावर एक केस आडवा पडला तरी पाणी आत शिरतं. हे सील दरवर्षी बदलून घ्यावं, असं कंपन्या स्वतःच सांगतात. बदललं नाही आणि पाणी शिरलं, तर वॉरंटी कामाला येत नाही. खाऱ्या पाण्यातून बाहेर आल्यावर झाकणं बंद ठेवूनच कॅमेरा गोड्या पाण्यात धुवायचा, हाही नेम पाळावा लागतो.

दुसरा गट एक इंची सेन्सरवाल्यांचा. याची सुरुवात २०१२ साली सोनी आरएक्स१०० ने केली. वजन २४० ग्रॅम, ॲल्युमिनियमची बॉडी, रुंद बाजूला एफ/१.८ लेन्स आणि त्या काळी खिशात न मावणाऱ्या कॅमेऱ्यांच्या तोडीचा फोटो. पुढे त्याच्या आवृत्त्या सातव्या क्रमांकापर्यंत गेल्या. कॅननचे जी७एक्स आणि जी९एक्स, पॅनासॉनिकचा एलएक्स१० हेही याच गटातले. यांतले नवे आज पन्नास हजारांच्या आत बसणं कठीण आहे. अपवाद सोनीच्या झेडव्ही-१एफचा, पण त्यात झूम नाही आणि तो व्हिडिओसाठी घडवलेला आहे. बाकीच्यांसाठी सेकंडहँडच पाहायचं. एक मेख आहे: जी७एक्सचा तिसरा अवतार समाजमाध्यमांवर गाजल्यामुळे त्याचे भाव वाजवीपेक्षा वर आहेत. तेवढा न गाजलेला जी९एक्स किंवा आरएक्स१०० ची जुनी आवृत्ती फोटोत फार मागे नाही. या गटात सोडायची अट टिकाऊपणाची, कारण नळी आली.

तिसरा गट मोठा सेन्सर आणि बिनझूमच्या लेन्सचा. रिको जीआर३ चं वजन २५७ ग्रॅम, तो शर्टाच्या खिशातही मावतो आणि त्याचा फोटो मोठ्या कॅमेऱ्यांशी बरोबरी करतो. पण किंमत आपल्या मर्यादेपलीकडे, बॅटरी साधारण २०० फोटोंची, आणि लेन्स आत-बाहेर होताना धूळ सेन्सरवर जाऊन बसण्याची त्याची खोड प्रसिद्ध आहे. इथे सोडायची अट परवडण्याची.

चौथा गट नव्या स्वस्त कॅमेऱ्यांचा: कोडॅक पिक्सप्रो एफझेड५५, एफझेड४५ आणि पुन्हा विक्रीला आलेले इक्सस. कोडॅक हे नाव इथे परवान्याने वापरलेलं आहे. मूळ कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि हे कॅमेरे जेके इमेजिंग ही दुसरी कंपनी काढते. कॅमेरे प्रामाणिक आहेत, पण छोटा सेन्सर आणि बाहेर येणारी नळी दोन्ही असल्यामुळे दोन अटी सुटतात. एफझेड४५ साध्या एए सेलवर चालतो, ही मात्र प्रवासात आणि मुलांच्या हातात खरी सोय आहे.

पाचवा मार्ग खिशाची अट सोडण्याचा. २०१४ सालचा सोनी ए६००० किंवा ऑलिम्पस पेन मालिकेतला एखादा सेकंडहँड मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, छोट्या लेन्ससह घेतला, तर तो खिशात नाही पण शबनममध्ये सहज जातो. ए६००० च्या बॉडीचं वजन ३४४ ग्रॅम आहे. सेन्सर मोठा मिळतो, आणि लेन्स बिघडली तर ती काढून दुसरी लावता येते. पडल्यावर वाचणं हा टिकाऊपणाचा एक प्रकार झाला. मोडल्यावर दुरुस्त होणं हाही टिकाऊपणाच आहे, आणि त्यात कॉम्पॅक्ट मिररलेसच्या जवळपासही येत नाहीत.

नाव सोनुबाई

ऑनलाइन बाजारात पाच-सात हजारांत '४८ मेगापिक्सेल, फोर-के, १६ एक्स झूम' असे कॅमेरे मिळतात. यांच्यापासून चार हात लांब राहावं. आत एक हलका, फोनच्या सेल्फी कॅमेऱ्याच्या जातीचा सेन्सर असतो आणि ४८ चा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, तसलाच प्रकार. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. झूम फक्त 'डिजिटल' असतो. लेन्सवर मिलिमीटर आणि एफ-आकडा कोरलेला नसतो, असलाच तर जाहिरातीतल्या आकड्याशी जुळत नाही. फ्लॅशच्या जागी पिवळट एलईडी असतो. सेन्सरचं माप कुठेच दिलेलं नसतं. लहान मुलाला खेळायला द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर एवढ्या पैशात खऱ्या कंपनीचा दहा वर्षं जुना कॅमेरा कितीतरी बरा.

जुना घेताना

जुना घ्यायचा तर समोरासमोर आणि काउंटरवर तपासून. कॅमेरा पाच-सहा वेळा चालू-बंद करावा आणि कान द्यावा. नळी सारख्या वेगाने, एकाच सुरात यायला हवी. खरखर किंवा अडखळ आली की तो पीस परत ठेवावा. नळी बाहेर असताना बाजूने पाहावी, बॉडीशी काटकोनात आहे ना. झूम दोन्ही टोकांना न्यावा. मग छिद्र लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि पडद्यावर मोठा करून पाहावा. तेच तेच करडे डाग प्रत्येक फोटोत दिसले, तर धूळ आत गेली आहे. लेन्सवर झाकण ठेवून एक फोटो काढावा. काळ्यात चमकणारे रंगीत ठिपके म्हणजे सेन्सरचे बिघडलेले पिक्सेल. फोनचा टॉर्च तिरका धरून लेन्समध्ये पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे आणि तो सौदा तिथेच संपवावा. शेवटी फ्लॅश उडतो का, बॅटरीचं झाकण घट्ट बसतं का आणि काढलेला फोटो कार्डावर साठतो का, एवढं पाहावं.

कार्डाकडे दुर्लक्ष नको. ऑलिम्पस आणि फुजीच्या जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागतं आणि सोनीच्या जुन्यांना मेमरी स्टिक. दोन्ही आता नवी मिळणं मुश्कील. एसडीएचसी हा प्रकार २००६ साली आला. त्याआधीचे एसडी कार्डाचे कॅमेरे सहसा दोन जीबीपेक्षा मोठं कार्ड ओळखत नाहीत. बॅटरी नवी मिळते का, हेही आधी पाहावं. फुगलेली बॅटरी फुकट दिली तरी घेऊ नये.

नवा घेताना खोक्यावर एमआरपी, आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता आणि ग्राहकसेवेचा क्रमांक छापलेला असायला हवा. हे नसेल तर माल ग्रे बाजारातला, म्हणजे अधिकृत आयातीबाहेरचा. दुबईहून मामेभावाने किंवा अमेरिकेहून मुलीने आणलेल्या कॅमेऱ्याचीही हीच अडचण: बहुतेक कंपन्यांची वॉरंटी त्या त्या देशापुरतीच असते. पक्कं बिल घ्यावं, आणि फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आपली हवा

परदेशी परीक्षणांत जे सहसा सापडत नाही ते म्हणजे आपला पावसाळा. २००५ साली कॅनन, सोनी, निकॉन, फुजी, ऑलिम्पस अशा बड्या कंपन्यांना आपली अनेक मॉडेलं मोफत दुरुस्त करून द्यावी लागली होती. सोनीने बनवलेल्या सीसीडी सेन्सरमधल्या बारीक तारा उष्ण आणि दमट हवेत सुटत होत्या, आणि पडद्यावर काळोख किंवा जांभळट रेघा दिसत होत्या. उष्ण आणि दमट म्हणजे मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्याचं वर्णनच झालं. तो दोष पुढे सुधारला, पण बुरशीवर कंपनीकडे इलाज नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटात कातडी कव्हरमध्ये ठेवलेला कॅमेरा म्हणजे बुरशीला दिलेलं आमंत्रण, कारण कातडं ओल धरून ठेवतं.

उपाय महाग नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल, आणि शक्य असेल तर आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला की पुरे. जेलचा रंग बदलला की ते तापवून वाळवायचं. त्याहून मोठा उपाय म्हणजे कॅमेरा वापरात ठेवणं. एसी गाडीतून पावसाळी घाटात उतरताना कॅमेरा पिशवीतच थोडा वेळ राहू द्यावा, नाहीतर थंड काचेवर बाहेरून आणि कधी आतूनही दव धरतं. समुद्रकिनाऱ्यावर बाहेर येणाऱ्या नळीचा कॅमेरा वाळूवर कधीही ठेवू नये आणि वाऱ्यात चालू ठेवून फिरू नये. बॅटरी अर्धी करून, कॅमेऱ्यातून काढून ठेवली तर ती जास्त वर्षं चालते.

निवाडा

चांगला फोन हाताशी आहे आणि घरात, समारंभात, गावात, प्रवासात फोनपेक्षा सरस फोटो हवे आहेत, त्यांनी एक इंची सेन्सरचा सेकंडहँड कॉम्पॅक्ट घ्यावा. दुकानाची महिना-दोन महिन्यांची हमी मिळत असेल तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. ट्रेक, नदी, समुद्र, शेताचा बांध, लहान मुलं असा वापर असेल त्यांनी टीजी-७ किंवा त्याचा आधीचा भाऊ टीजी-६ पाहावा आणि अंधारातल्या फोटोचा हट्ट सोडावा. झूमची गरज नाही आणि पैसे जरा जास्त आहेत, त्यांनी रिको जीआर जुना का होईना मिळतो का, ते बघावं. आजोबांना फोन नको, नातवाला अजून फोन द्यायचा नाही, अशा घरात कोडॅकचा साधा कॅमेरा पुरेसा आहे, फक्त त्याच्याकडून फोनला हरवण्याची अपेक्षा ठेवू नये.

आणि फक्त फोटो सुधारावेत म्हणून वीस हजारांत नवा कॉम्पॅक्ट घेऊ पाहणाऱ्यांना सल्ला असा की घेऊ नका. त्या पैशात फोनपेक्षा चांगला नवा कॅमेरा आज मिळत नाही. थोडं थांबा, रक्कम वाढवा किंवा जुन्याकडे वळा. आणि जो काही घ्याल, त्याच्या बजेटमध्ये एक जादा बॅटरी आणि सिलिका जेलचा डबा आधीच धरा.